पाच वर्षांखालचे प्रेक्षक

गेल्या महिन्यात आमच्याकडे एका नाटकाचा प्रयोग झाला. बडोद्यात मराठी नाटक येणं ही काही दर शनिवार-रविवारची गोष्ट नाही. मुंबईहून किंवा पुण्याहून नेपथ्याचा ट्रक येतो, तिकिटं ओळखीपाळखीतच संपतात, आणि दांडिया बाजारापासून कारेलीबागेपर्यंतची सगळी मराठी मंडळी त्या एका रात्री एका छपराखाली भेटतात. दुसऱ्या अंकात, नेमक्या हळव्या प्रसंगात, मागच्या रांगेतलं दीड-दोन वर्षांचं एक मूल रडायला लागलं. नट वाक्याच्या मध्येच थांबला, दोन श्वास थांबून पुन्हा सुरू झाला. आई मुलाला घेऊन बाहेर गेली. घडलं ते एवढंच. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा होईपर्यंत व्हॉट्सअॅपच्या गटावर शंभरावर संदेश साठले होते, आणि दुपारी एका ज्येष्ठ काकांनी थेट ठरावच मांडला: यापुढे पाच वर्षांखालच्या मुलांना प्रवेश नाही, तिकिटावर तसं छापून टाका.

मग दोन तट पडले. एकाचं म्हणणं, आजकालच्या आईबापांना शिस्त कशाशी खातात ते माहीत नाही, आमच्या वेळी डोळे वटारले की मूल गप्प बसायचं. दुसऱ्याचं म्हणणं, तुम्हाला आमची मुलं नकोत तर आम्हीही नको, वर्गणी मागायला येऊ नका. दोन दिवस हेच. मला या भांडणातलं सगळ्यात विचित्र वाटलं ते हे की दोन्ही तट संस्कारांवर बोलत होते आणि त्या सभागृहाबद्दल कुणी चकार शब्द काढत नव्हतं. रडणारं मूल घेऊन ती बाई बाहेर गेली, ती कुठे गेली? पार्किंगमध्ये. कारण बाहेरच्या दालनात बसायला एक बाकडं नाही, आतलं ऐकू येईल असा एक स्पीकर नाही, आणि बाळाचे कपडे बदलायचे तर स्वच्छतागृहात कोरडी जागा नाही.

माझं मत आधीच सांगून टाकतो. अशी बंदी घालू नये. पण ‘मुलं म्हणजे देवाघरची फुलं, रडणारच’ या आधारावर बंदीला विरोध करणाऱ्यांच्या बाजूलाही मी नाही. फुलं रडत नाहीत, मुलं रडतात, आणि मोठ्यांदा रडतात.

काकांच्या बाजूचे मुद्दे लेचेपेचे नाहीत. नाटक म्हणजे सिनेमा नव्हे. हरवलेला क्षण मागे सरकवून परत बघता येत नाही. नटाने चाळीस मिनिटं विणत आणलेलं काही एका किंकाळीने उसवतं आणि त्या रात्री ते पुन्हा जमत नाही. शिवाय आमच्या प्रेक्षकांत सत्तरी ओलांडलेले अर्धेअधिक. वर्षाकाठी चार नाटकं त्यांच्या वाट्याला येतात. कानातलं यंत्र संवाद मोठे करतं तसं रडणंही मोठं करतं, हे मला माझ्या शेजारच्या खुर्चीतल्या आजोबांकडून कळलं. आणि खुद्द मुलाचं काय? रात्री साडेनऊची वेळ, मिट्ट काळोख, मध्येच कानठळ्या बसवणारं पार्श्वसंगीत. ज्या जिवाला या वेळी अंथरुणात असायला हवं, त्याला आपल्या हौसेपायी तिथे बसवायचं, आणि तो कुरकुरला की हातात मोबाइल द्यायचा, म्हणजे आवाजाच्या जोडीला उजेडही. असे पालक मी पाहिले आहेत. त्यांची वकिली मला करायची नाही.

तरीही ठराव चुकीचा आहे, कारण तो ज्याला बाहेर ठेवायला निघालाय त्याला बाहेर ठेवतच नाही. दीड वर्षाच्या मुलाला नाटक चुकल्याचं काय दुःख? प्रवेशबंदी त्याच्या नावावर निघते आणि लागू होते त्याच्या आईला. ‘मुलाला आजीकडे ठेवा’ हा सल्ला गटावर निदान दहा वेळा दिला गेला. अहो, पण आजी तिसऱ्या रांगेत बसली आहे ना! तिलाही नाटक बघायचंय. तिनेच तर तिकिटं काढली. शिवाय इथली निम्मी तरुण कुटुंबं नोकरीपायी आलेली. त्यांची आजी अकोल्याला किंवा साताऱ्याला. पाच वर्षांची अट म्हणजे प्रत्येक घराने आपल्यातली एक बाई घरी ठेवावी, कुठली ते तुम्ही आपसांत ठरवा, असा तो ठराव आहे. दोन मुलांमध्ये तीन वर्षांचं अंतर असेल, तर ती बाई आठ वर्षं नाटकाला येणार नाही. आठ वर्षं नाटक न पाहिलेलं माणूस नवव्या वर्षी तिकीट काढतं का?

पोटासाठी घराबाहेर पडणाऱ्या बाईचं मूल कुठे राहणार, हा प्रश्न आपल्या कायद्याने केव्हाच विचारलाय. १९४८ च्या कारखाना कायद्यात स्त्री कामगारांच्या सहा वर्षांखालच्या मुलांसाठी पाळणाघराची तरतूद होती. २०१७ च्या मातृत्व लाभ दुरुस्तीने ५० किंवा अधिक माणसं कामाला असलेल्या आस्थापनांना पाळणाघर बंधनकारक केलं, आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाता येईल असंही म्हटलं. अंमलबजावणीची रड वेगळी. पण तत्त्व मान्य झालं: बाई हवी असेल तर तिच्या मुलाचा विचार जागेने करायचा. कामासाठी आलेल्या बाईला हे लागू आणि दोन घटका मन रमवायला आलेल्या बाईला नाही, असं का? मन रमवणं हा तिचा हक्क नसून कुणीतरी मूल सांभाळलं तर मिळणारी सवलत आहे, असं आपण न बोलता धरून चाललोय.

आता त्या शांततेकडे वळू. नाट्यगृह म्हणजे अंधार आणि टाचणी पडली तरी ऐकू यावी अशी शांतता, हे आपल्याला सनातन वाटतं. ते तसं नाही. प्रेक्षागृह जवळजवळ काळोखं करून सगळ्यांचे डोळे रंगमंचाकडे वळवायचे, ही रीत युरोपात पक्की होण्यात जर्मनीतल्या बायरॉइट इथे संगीतकार वाग्नरने १८७६ मध्ये उघडलेल्या नाट्यगृहाचा मोठा वाटा. म्हणजे आपल्या कमाटीबागेपेक्षा, गावातल्या या जुन्या उद्यानापेक्षा, ती रीत फार तर तीन वर्षांनी मोठी. त्याच काळात आपल्याकडे संगीत नाटकं पहाटेपर्यंत चालत, आवडत्या पदाला ‘वन्स मोअर’ची आरोळी उठे आणि नट मुकाट्याने पद पुन्हा म्हणे, कधीकधी तिसऱ्यांदाही. रस त्यानं भंगत नसे, उलट त्यातूनच तो तयार होई. माझी पणजी मांडीवर मूल घेऊन नाटकं पाहायची, असं आजी सांगायची. त्या काळाची आरती मला ओवाळायची नाही. पिटातल्या शिट्ट्या आणि गोंगाटही त्याच काळातला, आणि आजचं सूक्ष्म अभिनयाचं नाटक त्या गदारोळात उभं राहिलंच नसतं. शांतता मलाही हवी. सांगायचंय एवढंच की ही शांतता दिवे, घंटा, खुर्च्या, दारं यांची मांडणी करून माणसांनी बनवली आहे. बनवलेल्या गोष्टीत फेरफार करता येतात.

त्याच प्रयोगात तीन मोबाइल वाजले. एक तर ‘जय जगदीश हरे’ पूर्ण कडवंभर वाजला, कारण त्या गृहस्थांना तो कोणत्या खिशात आहे हे सापडेना. गटावर त्याबद्दल ओळ नाही. मोबाइलवाल्यांना प्रवेशबंदी असा ठराव कुणी मांडला नाही. मोबाइलसाठी आपण तिसऱ्या घंटेआधी विनंती करतो, वाजला तर नापसंतीने मागे वळून बघतो आणि विसरतो. म्हणजे व्यत्यय आपल्याला सोसतो. एका गटाचा सोसतो आणि दुसऱ्याचा नाही, एवढंच. ‘कार्यक्रम खासगी, आम्ही म्हणू तो नियम’ असंही एकाने लिहिलं. दक्षिण कोरियात अशा ‘मुलांना मनाई’ पाट्या फार बोकाळल्या, तेव्हा जेजू बेटावरच्या एका रेस्टॉरंटच्या प्रकरणात २०१७ मध्ये तिथल्या राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने हा भेदभाव असल्याचं म्हटलं. काही मुलं आणि काही पालक त्रास देतात म्हणून त्या वयाच्या सगळ्यांना दाराबाहेर ठेवता येणार नाही, हा त्यातला गाभा. तिथेही पाट्या लगेच उतरल्या असं नाही, पण प्रश्न निदान नीट मांडला गेला.

‘मुलांसाठी वेगळ्या जागा आहेत की, तिथे न्या’ हा आणखी एक युक्तिवाद. आहेत खऱ्या. मॉलमध्ये वरच्या मजल्यावर रंगीत चेंडूंचा हौद असतो. तासाचे पैसे भरा, मोजे घाला, मनगटाला पट्टी बांधा. मूल जाळीच्या आत, आईबाप जाळीच्या बाहेर मोबाइलमध्ये डोकं घालून. मीही नेलंय, पावसाळ्यात तर फार वेळा. मूल दमतं, घरी येऊन झोपतं, त्या अर्थी पैसे वसूल. पण कमाटीबागेत रविवारी सकाळी जे चालतं ते मात्र निराळंच. तिथे आजोबा चालायला आलेले असतात आणि नातू त्यांच्या बरोबर आलेला असतो. कुणी योगासनं करतंय, कुणी पेपर वाचतंय, कॉलेजची जोडपी झाडाआड, आणि या सगळ्यांच्या पायांतून मुलं धावतायत. विश्वामित्री नदीच्या पुलावरून जाताना मगर दिसते का म्हणून सगळेच वाकून बघतात, साठीचे आणि सहाचे. म्युझियममध्ये देवमाशाच्या सांगाड्याखाली उभं राहून माझा मुलगा पहिल्यांदा एवढ्या जोरात ओरडला की चार खोल्यांपलीकडचे लोक वळले. रखवालदार आला. वाटलं, आता हाकलणार. त्याने ओठांवर बोट ठेवलं, मग हळूच म्हणाला, ‘बेटा, धीमे बोल, अंदर ममी सूती छे.’ आत ममी झोपलीय, म्हणजे तिथली इजिप्तची. मुलगा तिथून पुढे संपूर्ण म्युझियम कुजबुजत हिंडला. घरी आल्यावरही संध्याकाळपर्यंत कुजबुजत होता, ते जरा अति झालं.

त्या रखवालदाराने जे केलं ते मला दीडशे संदेशांपेक्षा मोलाचं वाटतं. शांतता ही धाकाची गोष्ट न राहता त्या जागेच्या गोष्टीचा भाग झाली. चेंडूंच्या हौदात मूल हे शिकेल का? कसं शिकेल, तिथे मोठी माणसंच नाहीत. मोठ्यांमध्ये कसं वावरायचं हे मोठ्यांमध्ये वावरूनच कळतं, आणि पाचव्या वाढदिवसाला केक कापला की दुसऱ्या दिवसापासून मूल अडीच तास खुर्चीवर बसायला लागतं, असा अनुभव निदान माझा तरी नाही.

आपले गुजराती शेजारी बघा. नवरात्रात शेरीच्या, म्हणजे गल्लीतल्या, गरब्यात चिमुरडी पोरं आतल्या वर्तुळात ठेका चुकवत फिरतात, तान्ही कडेला चटईवर झोपलेली असतात, रात्री बाराला कुणाच्या तरी खांद्यावरून घरी जातात. गरबा म्हातारा होत नाही याचं हे एक कारण आहे. यावर काका म्हणतील, आणि बरोबरच म्हणतील, की गरबा खेळायचा असतो, नाटक ऐकायचं असतं. शेरीत एक मूल रडलं तर ढोल थांबत नाही. मान्य. मग कीर्तन घ्या. कीर्तन तर ऐकायचंच ना? बुवा निरूपणात रंगलेले, पुढ्यात सतरंजीवर पोरं आडवी झालेली, उत्तररंगाला जाग आली तर आली. कुणाच्या तरी मांडीवर अर्धवट झोपेत ऐकलेले शब्द आपल्यातल्या कितीजणांच्या कानात अजून आहेत!

बडोद्यात याला आणखी एक धार आहे. इथल्या मराठी मुलाची शाळा इंग्रजी किंवा गुजराती, कार्टून हिंदी, मैदानावरची भाषा गुजराती-हिंदीची भेळ. मराठी उरते स्वयंपाकघरात, तीही ‘जेवलास का’, ‘आवर लवकर’ एवढी. पाचशे माणसं एकाच वाक्याला एकाच वेळी मराठीत हसतात, हे त्याला ऐकायला मिळणार ते फक्त त्या सभागृहात. २०१८ मध्ये ९१ वं साहित्य संमेलन आपल्या गावात भरलं तेव्हा आपण किती मिरवलं! बृहन्महाराष्ट्रातली मराठी टिकवायची म्हणून तळमळीने बोलणारेच लोक आज पाच वर्षांखालच्यांना दार लावा म्हणतायत. वीस वर्षांनी रिकाम्या खुर्च्या मोजताना आपण ‘नव्या पिढीला गोडीच नाही’ असं म्हणणार आहोत का?

याच गावात सयाजीराव महाराजांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं: १८९३ मध्ये अमरेली भागात प्रयोग, १९०६ मध्ये सगळ्या राज्यात, मुलगे आणि मुली दोघांनाही. मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकाला दंड होता. त्यांनी दंड ठेवला मूल न आणणाऱ्याला; आपण ठेवायला निघालोय आणणाऱ्याला. शाळा आणि नाट्यगृह एक नव्हे, हे मलाही कळतं, आणि दंडाने गरिबांना त्रासही झालाच. पण सार्वजनिक वास्तू आणि मूल यांचं नातं कुठल्या दिशेने न्यायचं, याचा कल त्यातून दिसतो. तोच कल बालशिक्षणात आयुष्य घालवलेल्या ताराबाई मोडकांचा. भावनगरला गिजुभाई बधेकांच्या बरोबर काम करून त्या महाराष्ट्रात परतल्या. बोर्डीत १९४५ मध्ये काम सुरू केलं तेव्हा कष्टकऱ्यांची मुलं बालवाडीपर्यंत येईनात. ताराबाईंनी आयांना नावं ठेवली नाहीत, बालवाडीच उचलून त्यांच्या अंगणात नेली. ‘अंगणवाडी’ हा आज देशभर चालणारा शब्द तिथला. मूल बसत नसेल तर आधी जागा बदलून बघायची, हा तो विचार. आपण मात्र जागेला हात न लावता मूलच बदलायला निघतो, आणि ते बदलत नाही म्हटल्यावर वगळून मोकळे होतो.

वगळणं हे स्वस्त उत्तर असतं. जानेवारी २०२४ मध्ये बडोद्यातल्याच हरणीच्या तळ्यात सहलीला आलेल्या शाळकरी मुलांची बोट उलटली. १२ मुलं आणि २ शिक्षिका गेल्या. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त जणांना भरलं होतं, बहुतेकांच्या अंगात लाइफ जॅकेट नव्हतं. त्यानंतर कित्येक घरांत एकच वाक्य ऐकू आलं: ‘सहलीबिहलीला पाठवायचंच नाही.’ आईबापांच्या तोंडून ते निघालं तर मी समजू शकतो, माझ्याही घरात निघालं. पण गावाने तेवढ्यावर थांबायचं का? नाटकातल्या रडण्याची त्या दुपारशी तुलना करणं बरं नाही, आणि मी ती करत नाही. माणसाचं मन दोन्हीकडे कसं एकाच वाटेने पळतं, तेवढंच दाखवतोय.

मग करायचं काय? फार काही नाही. मागच्या दोन रांगांतल्या दाराजवळच्या खुर्च्या मुलं असणाऱ्यांना द्या. बाहेरच्या दालनात एक स्पीकर आणि चार खुर्च्या टाका; हा खर्च एका हारतुऱ्यांच्या सत्काराइतकासुद्धा नाही, आणि आपण दर कार्यक्रमात सहा सत्कार करतो. जमलं तर वर्षातला एक प्रयोग संध्याकाळी पाचला ठेवा, दिवे पूर्ण न विझवता. आणि पालकांकडून एक गोष्ट कडकपणे मागा: पहिल्या हुंदक्याला उठायचं. ‘होईल गप्प’ म्हणून बसून राहायचं नाही. एक घास, एक खुळखुळा, एक यूट्यूब, असे प्रयोग खुर्चीत करायचे नाहीत. मोबाइल तर नाहीच नाही. हे मागण्याचा हक्क काकांना आहे, आणि मी त्यांच्या बाजूने भांडेन.

फक्त, उठायचं कुणी? इथे मला माझंच सांगायला हवं. मुलगी दोन वर्षांची असताना आम्ही असेच एका नाटकाला गेलो होतो. मध्यंतरानंतर ती किरकिर करू लागली. बायको उठली. मीही अर्धा उठलो, अगदी उठल्यासारखं केलं, आणि तिने ‘बस तू’ म्हटल्याबरोबर बसलो. नाटक उत्तम होतं. बाहेर आलो तेव्हा ती बंद सेवउसळीच्या गाडीजवळच्या कठड्यावर मुलीला खांद्यावर घेऊन बसली होती, आणि तिने विचारलं, ‘शेवटी तो परत येतो का रे?’ मी घरी जाताना स्कूटरवर तिला पूर्ण तिसरा अंक सांगितला, आवाज काढून वगैरे, आणि आपण फार चांगले नवरे आहोत असं मला तेव्हा वाटलं होतं. त्या दिवशी बंदी घालणारं कुणी नव्हतं. बंदी मीच घातली होती, तिच्या संमतीने.

गटावर या सगळ्याचं काय झालं? ठराव तूर्त बारगळला, सेक्रेटरींनी ‘पुढच्या सभेत बघू’ म्हणून टाकलं. काकांना मी फोन केला. ते तासभर बोलले, त्यातली चाळीस मिनिटं त्यांनी तरुणपणी पाहिलेल्या नाटकांवर. पहिलं नाटक कितव्या वर्षी पाहिलंत, असं मी सहज विचारलं. ‘आठवत नाही,’ म्हणाले, ‘आई सांगायची, की मी झोपलोच होतो.’ मग थोडं थांबून म्हणाले, ‘स्पीकरचं बघतो मी. माझ्या भाच्याचं साउंडचंच काम आहे.’

पुढचं नाटक महिनाअखेरीला आहे. धाकटा आता अडीच वर्षांचा. तिकिटं काढलीत, मागच्या दाराजवळची, कडेची. पहिल्या अंकात तो उठला तर मी बाहेर, दुसऱ्या अंकात उठला तर ती, असं ठरलंय. शेवटची पंधरा मिनिटं कुणाची, यावर अजून भांडण चालू आहे.